तूटफूट धरून

आमच्या खात्यात वर चढलेल्याची चौकशी होते, खाली पडलेल्याची होत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ते सूत्र मीच बसवलंय, त्यामुळे मला तक्रारीची सोयच नाही.

देशभरातल्या आठवीच्या मुलांची गणिताची परीक्षा आमचं खातं घेतं. पेपराच्या पहिल्या पानावर मुलांनी स्वतःबद्दल चार गोष्टी भरायच्या असतात. आई किती शिकली, वडील काय करतात, घरात पुस्तकं किती, घरी कोणती भाषा बोलता. त्यावरून माझं सूत्र प्रत्येक शाळेचा एक आकडा काढतं, त्याला आम्ही ‘अपेक्षित गुण’ म्हणतो. शिकलेल्या घरची मुलं आणि कष्टकऱ्यांची मुलं यांच्या गुणांत जी तफावत पडते, तिच्यावर दरवर्षी अहवालात एक प्रकरण असतं. तेही मीच लिहिते. त्यातलं शेवटचं वाक्य मी कित्येक वर्षं बदललेलं नाही: ‘ही तफावत मुख्यतः कौटुंबिक पार्श्वभूमीमुळे आहे असे समजते.’ एकदा समजते म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. समजलं ना, मग झालं.

एखादी शाळा अपेक्षेपेक्षा फारच वर गेली, तर मात्र संगणक तिचं नाव तपासणीच्या यादीत टाकतो. म्हणजे पेपर फुटला असेल किंवा बाईंनी उत्तरं सांगितली असतील, असा संशय. बड्या घरच्या मुलांच्या शाळा या यादीत कधी दिसत नाहीत. त्यांची अपेक्षाच इतकी उंच असते की वर जायला जागा राहत नाही.

यंदाची यादी आली आणि पहिल्याच ओळीत बारकीची शाळा.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी आमच्यात ती बारकीच. फरशीच्या गोदामामागच्या ज्या वस्तीत आम्ही वाढलो, तिथल्याच शाळेत ती गणित शिकवते. मी शिकले, लग्न केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला आले. ती शिकली आणि परत तिथेच गेली. आमचे आप्पा फरशी बसवायचे, आणि तिच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे बाप आजही तेच करतात.

यादीतली शाळा दोषी ठरली की त्या वर्गातल्या सगळ्या मुलांचे गुण रद्द होतात. विज्ञान शाळेचा प्रवेश याच गुणांवर, गुण नाहीत तर तिथे जागा नाही, आणि वस्तीतल्या पोरांना विज्ञान शाळेचा दुसरा रस्ता नाही. बाईंना घरी बसवतात. बारकीच्या घरात तिचाच पगार येतो. मी यादी उलटी करून टेबलावर ठेवली आणि पाणी पिऊन आले. परत आले तेव्हा साहेब माझ्या खुर्चीशी उभे होते.

आमचे साहेब वाईट नाहीत. नियमाचे पक्के आहेत, एवढंच. स्वतःच्या मुलाचा अर्जही त्यांनी रांगेत उभं राहून भरला होता, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

“गुण वर गेले हे एक वेळ समजू,” ते म्हणाले. “पण हा सतरावा प्रश्न बघा. जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘ड’ लिहिलंय. आणि ‘ड’ चूक आहे.”

मी बघितलं. खाली ओळीने ड, ड, ड.

“बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं बाई. चुकीचं उत्तर सगळ्यांचं एकच कसं येईल? कुणीतरी सांगितल्याशिवाय?”

हे वाक्य मीच प्रशिक्षणात नव्या लोकांना ऐकवते, शब्दन् शब्द.

आता त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, साहेब, ती माझी बहीण आहे, फाईल दुसऱ्या कुणाला द्या. नियम तसाच आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “बघते.” झालं. एकदा ‘बघते’ म्हटल्यावर दर तासाला खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं, आणि संध्याकाळी डबा न उघडताच घरी गेला.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे बँकेतून निवृत्त झालेत, आणि तेव्हापासून घरात म्हणींचा सुकाळ आहे.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” हे म्हणाले. “तू काही केलेलं नाहीस. मग बोलायला कशाला जातेस?”

“आणि तिने केलं असेल तर?”

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “बारकीने? छे.”

ह्यांचं बरं आहे, ह्यांनी तिला लहानपणी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. चौथीत असताना ती मागच्या बाकावरच्या मुलीला दिसेल अशी वही तिरकी धरून बसायची. बाईंनी पकडलं, छडी मारली, आईला बोलावून घेतलं. घरी आल्यावर आई म्हणाली, का केलंस गं असं? तर ही सरळ म्हणते, “तिला येत नव्हतं, मला येत होतं.” तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता. तिच्यापुढे वर्गभर पोरं डोकं खाजवत बसली असतील, त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची वाट त्या कागदावरून जात असेल, तर बारकी खिडकीतून बाहेर बघत स्वस्थ उभी राहील याची मला खात्री नव्हती. मनात आलं आणि मला माझीच शरम वाटली. पण गेलं नाही ते मनातून.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. बाथरूम नवीन केलंय, बघायला ये, असं ती महिनाभर म्हणत होती. ते निमित्त बरं होतं.

बारकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढेपर्यंत मी तीन वेळा ठरवलं की सरळ विचारायचं. दार उघडलं तर ती हातात घासणी घेऊन उभी, पदर खोचलेला, आणि नेहमीसारखी आधीच चिडलेली.

“ये, बघ आपल्या मावसभावाचे प्रताप,” म्हणाली, आणि मला थेट बाथरूममध्ये घेऊन गेली.

भिंतीला फिकट निळ्या फरशा होत्या. छान दिसत होतं. फक्त नळाच्या खाली दोन फरशा पांढऱ्या, तोंडातल्या खोट्या दातांसारख्या.

“मोजून आणल्या त्याने. अगदी मोजून. शहाणा कुठला. दोन कापताना फुटल्या. गोदामात गेलो तर तो रंग संपलेला. आता मी रोज आंघोळ करताना हे बघायचं.” तिने पांढऱ्या फरशीवर घासणी आपटली. “आप्पा असते तर त्याचा कान धरला असता. फरशीच्या धंद्यात राहून ह्याला एवढं कळू नये?”

मी हो हो म्हटलं. माझं लक्ष कुठे होतं फरशीत. मला एकच विचारायचं होतं. ती चहा टाकायला गेली, मी मागे मागे स्वयंपाकघरात.

“पेपर कसा गेला गं मुलांचा?”

“मला काय माहीत? पेपर तर तुम्ही लोक कुलपात घालून नेता. पोरं नाचत बाहेर आली एवढं खरं.”

“नाचण्याइतका सोपा होता?”

तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्या आईची नजर आहे तिची, आतलं सगळं काढून घेणारी.

“वर्षभर सकाळी तास घेतलाय मी जादा. थंडीत यायची पोरं, डोळे चोळत. नाचली तर नाचू दे की, ताई. तुझं काय जातंय?”

“काही नाही. सहज विचारलं.”

“तू सहज कधी काही विचारतेस?”

मी बिस्कीट चहात बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं, आणि मग मी चमच्याने ते काढत बसले. निघताना ती दारापर्यंत आली. “बरी आहेस ना?” म्हणाली. हो म्हणून मी जिना उतरले. ज्यासाठी गेले होते ते विचारलंच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी ही सवय जुनी आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या विभागात प्रश्न कधी दिसतच नाहीत. आम्हाला फक्त क्रमांक दिसतो आणि मुलाने लिहिलेलं अक्षर. तेच प्रश्न पुढे पुन्हा वापरायचे असतात, म्हणून पेपर वेगळ्या विभागात, लोखंडी कपाटात. इतकी वर्षं मी तफावतीवर लिहितेय, पण कोणत्या गणितावर मुलं अडली ते मी क्वचितच डोळ्यांनी पाहिलंय. गरजही वाटली नाही. अक्षरं पुरत होती.

सोमवारी मी साहेबांची सही घेतली आणि कपाट उघडवलं. वाटलं, चौकशी समितीपुढे जायचंय, निदान प्रश्न तरी बघावा. सतरावा प्रश्न असा होता: एका खोलीची लांबी बारा फूट आणि रुंदी दहा फूट आहे. एक फूट लांब व एक फूट रुंद अशा किती फरशा लागतील? पर्याय चार. अ, बावीस. ब, चव्वेचाळीस. क, एकशे वीस. ड, एकशे बत्तीस.

बरोबर उत्तर एकशे वीस. प्रश्न काढणाऱ्याने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं की ‘ड’ हा पर्याय एक ओळ चुकून जास्त मोजणाऱ्यांसाठी आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग बारकीच्या नळाखालच्या त्या दोन पांढऱ्या फरशा डोळ्यांपुढे आल्या, आणि आप्पांचा आवाज कानात आला. गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून, पेन्सिल कानावर ठेवून ते म्हणायचे, “खोलीच्या एकशे वीस, आणि दहाला एक तूटफूट.” एकशे वीसला बारा. एकशे बत्तीस. आमच्या घरात हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पलंगाखाली नेहमी कुणाच्या ना कुणाच्या उरलेल्या फरशा असायच्या, आम्ही त्यावर पाय ठेवून अभ्यास करायचो. किती फरशा लागतील, असं त्या वस्तीतल्या कुठल्याही पोराला विचारा. झोपेतून उठवून विचारा. ते एकशे बत्तीसच सांगणार.

मी कपाटाला टेकून उभी राहिले आणि मला हसू आलं. लगेच मागून रडूही आलं. मी तिला चोर ठरवून तिचा चहा पिऊन आले होते.

पण माझं समजणं वेगळं, पुरावा वेगळा. मी संगणकाला विचारलं, देशभरात फरशीवाल्यांच्या मुलांनी सतराव्याला काय लिहिलंय ते काढ. तर आमच्या फॉर्मवर फरशीवाला नाहीच. ‘बांधकाम व इतर मजुरी’ असा एकच चौकोन आहे. त्यात गवंडी, रंगारी, हमाल, माळी सगळे कोंबलेले. तो चौकोन मीच एकत्र केला होता, तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून. ‘ड’ जरा जास्त होते तिथे, पण एवढ्या गर्दीत काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

समितीत साहेब होते, आणि कायदेवाला होता. कायदेवाला म्हणजे वरून आलेला तरतरीत माणूस, प्रत्येक वाक्याआधी पेनाचं टोपण काढणारा. मी सगळं सांगितलं. तूटफूट म्हणजे काय, दहाला एक का, कापताना फरशी कशी जाते.

कायदेवाल्याने टोपण काढलं. “हे तुम्हाला कसं माहीत?”

“माझे वडील फरशी बसवायचे. त्याच वस्तीत.”

साहेबांनी कागदावरून मान वर केली. आता इकडे आड आणि तिकडे विहीर. मी विहिरीत उडी मारली.

“आणि त्या शाळेतल्या गणिताच्या बाई माझी सख्खी बहीण आहे.”

कायदेवाल्याने टोपण परत लावलं. साहेबांना राग आला असता तर सोपं गेलं असतं. त्यांचा चेहरा पडला.

“हे यादी आली त्या दिवशी सांगायचं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“तुमच्यावर मी डोळे मिटून भरवसा ठेवला असता. आता तुमच्या फरशीच्या गोष्टीवर कसा ठेवू?”

 म्हणून मी घाईने तोडगा सांगितला. मुलांची परीक्षा पुन्हा घ्या. पेपर नवा, साहेबांनी स्वतः काढलेला. मुलं लांब लांब बसवा. पर्याय देऊ नका, उत्तर लिहायला सांगा. त्यात एक फरशीचा प्रश्न टाका, आकडे वेगळे. कुणी न सांगता मुलांनी पुन्हा तूटफूट धरली, तर ती चूक घरून आलेली आहे, कुणी पुरवलेली नाही.

“आणि नाही धरली तर?” कायदेवाल्याने विचारलं.

“तर माझं म्हणणं चूक,” मी म्हणाले.

साहेबांना ते पटलं. परीक्षा पुढच्या आठवड्यात ठरली. तोपर्यंत बहिणीशी एक शब्द बोलायचा नाही, फोनसुद्धा नाही, अशी मला ताकीद मिळाली. “तुमचं काय करायचं ते नंतर बघू,” असंही साहेब म्हणाले.

जिन्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय. आणि मग पाचावर धारण बसली.

मुलं परीक्षेहून नाचत बाहेर आली होती. मुलं बाईंना प्रश्न सांगणारच. बाई, फरशीचं आलं होतं, सोप्पं होतं, एकशे बत्तीस. मग बारकी काय करेल? हसेल, आणि फळ्याकडे वळून सांगेल, अरे बाळांनो, पेपरात फरशा फुटत नाहीत. कुठलीही चांगली मास्तरीण हेच करेल. म्हणजे पोरं या वेळी उत्तर बरोबर लिहिणार. आणि ज्या दिवशी बरोबर लिहिणार त्या दिवशी माझ्या बोलण्याप्रमाणे बारकी चोर ठरणार. तिने आपलं काम नीट केलं असेल तर ती बुडाली. आणि मी तिला एक शब्द सांगू शकत नव्हते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बारकीचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग तिने ह्यांना केला. हे बाल्कनीत उभे राहून बोलत होते, मी काचेआडून बघत होते.

“काय म्हणाली?”

“पुन्हा परीक्षा आहे म्हणे मुलांची. विचारत होती, ताईला माहीत होतं का.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, ती झोपलीये.” ह्यांनी फोन खिशात टाकला. सकाळचे अकरा वाजले होते. “मला खोटं जमत नाही, तुला सांगितलंय मी.”

त्या आठवड्यात ह्यांनी एकही म्हण काढली नाही. मी भाजीत मीठ दोनदा घातलं तेही मुकाट खाल्लं. आणि मी, जी कधी कशासाठी हात जोडत नाही, ती रोज सकाळी गॅससमोर उभी राहून मागणं मागत होते की देवा, पोरांना चुकू दे.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मला सोबत नेलं. “मागे राहिलात तर उद्या कुणीतरी म्हणेल फोन केला,” म्हणाले. मला वर्गाबाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं, बारकीला शाळेच्या दुसऱ्या टोकाला, शिक्षकांच्या खोलीत. येताना ती मला लांबून दिसली. तिने हात वर केला. मी केला नाही. तिचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला, मग तिने त्याने केस सारखे केले.

वर्गावर साहेब स्वतः होते. दार उघडं होतं. मला मुलांच्या पाठी दिसत होत्या, आणि एका मुलीची बाकाखाली हलणारी टाच. माझीही तशीच हलत होती.  मग ती टाचवाली उठून उभी राहिली.

“सर, तूटफूट धरायची का?”

मी बाकावरून उठले. साहेब तिच्याजवळ गेले. “कसली?”

“ह्या फरशीच्या प्रश्नात. किती लागतील विचारलंय.”

“जे लिहिलंय ते वाच आणि उत्तर लिही. मला काही सांगता येणार नाही.”

“वाचलं, सर. पण नीट विचारलेलं नाही. आमच्या बाई म्हणतात, पेपरात फरशा फुटत नाहीत, पेपरात नाही धरायची. पण लागतील म्हटलं की लागतातच ना. बाबा तर दहाला एक धरल्याशिवाय गोदामातून निघत नाहीत.”

वर्गात खसखस पिकली. मागून एक मुलगा म्हणाला, “माझे दोन धरतात. ते फोडतात जास्त.”

“शांत बसा,” साहेब म्हणाले. मग त्यांनी हातातला पेपर पुन्हा वाचला. तो प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता. “तुला योग्य वाटेल ते लिही,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

पेपर गोळा झाल्यावर साहेबांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून ते तिथल्या तिथे तपासले. मी दारात उभी. आत या म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. बाकीची गणितं मुलांनी सोडवली होती, जवळपास पहिल्याइतकीच चांगली. फरशीच्या प्रश्नाला निम्म्यांनी बाईंचं ऐकलं होतं आणि निम्म्यांनी बापाचं. टाचवालीने दोन्ही उत्तरं लिहून खाली ओळ मारली होती, ‘कोणासाठी पाहिजे त्यावर आहे’.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “तुमच्या अटीप्रमाणे हे निम्मंच सिद्ध झालं,” ते म्हणाले.

“हो, साहेब.”

“पण मी कानांनी ऐकलंय.” त्यांनी पेपरांचा गठ्ठा नीट केला. “पहिले गुण कायम ठेवायची शिफारस करतो. यादीतून नाव काढतो. तफावतीचं प्रकरण यंदा दुसरं कुणी लिहील. तुम्ही समजून घ्या.”

मी समजून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच. माझे पाय इतके हलके झाले होते की व्हरांड्यातून मी जवळजवळ पळत गेले.

बारकी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, शाळेत भिंतींना कान असतात. मला वाटलं गळ्यात पडेल. ती जागची हलली नाही.

“त्या दिवशी तू बाथरूम बघायला आली नव्हतीस,” म्हणाली.

“नाही.”

“मी पोरांना उत्तरं सांगितली का, ते बघायला आली होतीस.”

“हो.”

“मग विचारायचंस की. चहा कशाला प्यायलीस माझ्याकडे?”

“तू हो म्हणाली असतीस तर काय करायचं ते मला सुचत नव्हतं,” मी म्हणाले. खरं तेच होतं.

तिने मैदानाकडे पाहिलं. तिथे ती पोरं पेपर संपल्याच्या आनंदात धावत सुटली होती. आपण कशातून वाचलो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

“तुम्ही आधीच धरता म्हणे, कुठल्या शाळेची पोरं किती मिळवतील ते. सकाळी साहेब मुख्याध्यापकांना सांगत होते. आमच्या पोरांचे किती धरले होते?”

“शंभरात अडतीस.”

तिने मान डोलावली. राग दिसला नाही तोंडावर, आणि तेच मला सोसेना.

“कशावरून काढता?”

“आईचं शिक्षण. वडिलांचं काम. घरात पुस्तकं किती.”

“कुणी बसवलं ते?”

“मी.”

“म्हणजे आई चौथी, आप्पा फरशीवाले, घरात एक पंचांग.” तिने बोटांवर मोजलं, वर्गात मोजते तसं. “आपण दोघी पण त्या अडतीसातच की गं.”

“हो.”

बारकीने माझ्याकडे पाहिलं, आईच्या त्या नजरेने.

“मग ताई, एवढी वर्षं त्या ऑफिसात बसलीस, तुझी चौकशी कुणी कशी नाही केली?”

घंटा झाली. तिने टेबलावरचा खडू उचलला आणि ती वर्गावर गेली.